गारपगाऱ्याचे आभाळ

नाचणगाव हे वर्धा जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील, पुलगावला जवळजवळ खेटून असलेले गाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २५० मीटर. वैशाखात पारा ४५ अंशांशी सलगी करतो, जमीन काळी आणि भेगाळ, पीक कापूस, तूर आणि अलीकडे सोयाबीन. आणि बर्फ म्हणाल तर लग्नाच्या मांडवात लाकडाच्या भुशात गुंडाळून आणलेली लादी, एवढाच त्या पदार्थाशी गावाचा परंपरागत संबंध. अशा ठिकाणी जन्मलेल्या माणसाने डोंगरावरील हिमासंबंधी, त्यातही पाऊस आणि हिम एकमेकांत मिसळून पडतात त्या ऋतुसंधीच्या हवेसंबंधी, चार शब्द लिहावेत यात वाचकांना अंमळ धाडस दिसले तर त्यांना दोष देता येणार नाही. परंतु आमच्या आभाळाची कुणी पुरती दखलच घेतलेली नाही, अशी माझी जुनी तक्रार आहे. माघ-फाल्गुनात हरभऱ्याचे घाटे भरत आलेले असतात, गव्हाच्या ओंब्या पिवळ्या पडू लागलेल्या असतात, तुरीच्या सुड्या वावरात रचून ठेवलेल्या असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत या २५० मीटर उंचीच्या गावावर आभाळातून बर्फ पडते; ते हिमालयातल्यासारखे अलगद उतरत नाही, टिनपत्र्यांवर कुणी दगडफेक करावी तसे येते, आणि त्याला आम्ही बर्फ न म्हणता गार म्हणतो.

लहानपणीची एक गारपीट मला अजून स्वच्छ आठवते. दुपारपासून हवेत एक चमत्कारिक उकाडा होता, वारा एकाएकी पडला, आणि पश्चिमेकडून जो ढग चढून आला तो पावसाळी ढगासारखा निव्वळ काळा नव्हता. त्याच्या पोटाशी गढूळ हिरवट झाक होती. ओसरीवर तूर पाखडत बसलेल्या आजीने मान वर केली आणि ती म्हणाली, "आभाय गढूय झालं बापा, आज गार पडते. सुडीवर काहीतरी टाका." ती हे म्हणते न म्हणते तो पहिली गार अंगणातल्या तुळशीवृंदावनावर फुटली, आणि पुढची दहा मिनिटे घरात कुणाचे बोलणे कुणाला ऐकू गेले नाही. कवेलू तडकत होते, गोठ्यातली जनावरे दावी तोडू पाहत होती, आणि कडुलिंबाची कोवळी पालवी गारांबरोबर खाली येऊन अंगण पांढरेहिरवे झाले होते. सारे थांबल्यावर आजीने आवळ्याएवढी एक गार पदराने उचलली, विळीवर ठेवली आणि कांदा चिरावा तशी मधोमध चिरली. आत पांढरा शुभ्र गाभा, त्याभोवती काचेसारखे पारदर्शक कडे, मग पुन्हा दुधी कडे, पुन्हा पारदर्शक. "याले कांद्यासारखे पापुद्रे आहेत," एवढेच ती म्हणाली. पुढे कॉलेजात मेघविज्ञानाचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती आले तेव्हा त्यात गारेच्या उभ्या छेदाचे छायाचित्र होते; विळीवरल्या त्या गारेहून अधिक असे त्यात काहीच नव्हते.

त्या पापुद्र्यांत गारेचे सगळे चरित्र लिहिलेले असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे जमीन तापू लागते, बंगालच्या उपसागरावरून दमट वारे आत येतात, आणि त्याच वेळी फार उंचावरून पश्चिमेकडचा थंड, कोरडा वारा वाहत असतो. खाली उष्ण व ओले, वर थंड व कोरडे, अशी ही रचना एखाद्या उतू जाण्याच्या बेतात असलेल्या दुधासारखी अस्थिर असते आणि तिला जरासे निमित्त मिळाले की ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत उसळतो. त्याच्या पोटातला वरच्या दिशेचा वारा दर सेकंदाला २०-३० मीटर वेगाने वर धावत असतो. शून्य अंशाची पातळी ओलांडून गेले तरी ढगातले सूक्ष्म जलबिंदू लगेच गोठत नाहीत. बीजरूप कण सापडला नाही तर ते उणे ३५ अंशांच्याही पलीकडे पाणीच राहू शकतात, आणि अशा अतिशीत बिंदूंना एखादा हिमकण येऊन धडकला की ते त्याच्यावर तत्क्षणी गोठतात. जिथे पाणी थोडे आणि थंडी फार, तिथे थेंब जागच्या जागी गोठून मध्ये हवेचे बुडबुडे अडकतात व थर दुधी होतो. जिथे पाणी विपुल, तिथे ते गारेभोवती पसरून सावकाश गोठते, बुडबुडे निसटून जातात व थर पारदर्शक होतो. अशी ती गार ढगातल्या निरनिराळ्या वस्त्यांतून हिंडत, प्रत्येक वस्तीचा शिक्का अंगावर घेत वाढते आणि वाऱ्याला तिचा भार पेलेनासा झाला की खाली सुटते. ढगाच्या पोटात गारांचे बालरूप असलेले मऊ दाणे आणि हिमाचे बारीक स्फटिक एकमेकांवर घासून विद्युद्भार विलग होतो. म्हणूनच गार आणि वीज ही जोडी सहसा फुटत नाही.

मग ही गार जमिनीवर पोहोचेपर्यंत वितळत का नाही? हा प्रश्न मुलेही विचारतात, आणि त्याच्या उत्तरातच नाचणगाव आणि हिमालय यांचे नाते आहे. फाल्गुनातल्या अशा दिवशी आमच्या डोक्यावर शून्य अंशाची पातळी साधारण चार किलोमीटरवर असते. त्या पातळीच्या वर, ढगात जे काही आहे त्यातले बरेचसे हिमरूपच असते. आमच्या वावरावर पडणाऱ्या अवकाळी पावसाचा मोठा हिस्सा वर हिम म्हणूनच निघालेला असतो आणि वाटेत त्याचे पाणी होते. हिमाचा पापुद्रा दर सेकंदाला जेमतेम एक मीटर उतरतो. शून्य पातळीखाली दोन-तीनशे मीटर आला की तो संपलाच. सुपारीएवढ्या गारेचा वेग मात्र सेकंदाला २० मीटरच्या आसपास असतो, म्हणजे चार किलोमीटरचा उष्ण प्रदेश ती सव्वातीन मिनिटांत पार करते. वितळण्यासाठी एक ग्रॅम बर्फाला ८० कॅलरी उष्णता लागते आणि एवढी उष्णता मिळवायला सव्वातीन मिनिटे पुरत नाहीत. हिम वाटेत विरते आणि गार पोहोचते, ती केवळ घाईमुळे. आषाढात याहून प्रचंड ढग आमच्यावरून जातात, पण गारा पडत नाहीत. कारण त्या ढगांतले वारे मवाळ, शून्याची पातळी पाच किलोमीटरच्या वर गेलेली, आणि खालची सगळी हवा कोंदट व उबदार असते.

विज्ञानाला हे आकडे उमगण्यापूर्वी फार दिवसांपासून या मुलखात आभाळ वाचण्याचे काम एका माणसाकडे सोपवलेले असे. त्याला गारपगारी म्हणत. नागपूर, वर्धा, चांदा आणि वऱ्हाड या मराठी प्रांतांतल्या गावगाड्यात तो एक हक्कदार होता. शिवारावर गार पडू न देणे ही त्याची चाकरी आणि त्याबद्दल प्रत्येक कास्तकाराकडून धान्याचा ठरीव वाटा हा त्याचा मोबदला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली चार खंडांचा जो ग्रंथ सिद्ध केला त्यात या गारपगाऱ्याची हकिकत तपशिलाने आलेली आहे. रात्री आभाळ धूर आणि ज्वाळा यांच्या मिश्रणासारखे काळे-तांबडे दिसू लागले की गार येणार हे तो ताडी, तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही, ढग पांगवण्यासाठी आधी विनवणी करी, विनवणीने भागले नाही तर अंगावरची वस्त्रे फेकून जीव देण्याची धमकी घाली, आणि प्रसंगी बायकामुलांनाही देवळापुढे आणून उभे करी; पूर्वी तो स्वतःच्या अंगावर वारही करून घेत असे, पुढे पुढे बोटातून थेंबभर रक्त काढण्यावर भागू लागले. शासनाच्या भटक्या जमातींच्या यादीत हे नाव आजही आहे. काम मात्र केव्हाच संपले.

आज आपल्याला या माणसाचे हसू येते. मला ते तितकेसे येत नाही. ज्या गावाचे वर्षाचे अन्न दहा मिनिटांत मातीला मिळू शकते, त्या गावाने एका माणसाला केवळ आभाळाकडे पाहत राहण्यासाठी पोसावे, यात भाबडेपणा असेल, पण अव्यवहार नाही. ढगाचा रंग, वाऱ्याचे एकाएकी थबकणे, रात्रीच्या विजेचा तांबूसपणा यांची नोंद ठेवणारा तो आमच्याकडचा पहिला वेधशाळा-नोकर होता, आणि त्याच्या अंदाजाचा पूर्वार्ध बहुधा खरा ठरत असला पाहिजे, एरवी ही चाकरी पिढ्यान्‌पिढ्या टिकली नसती. उत्तरार्धाबद्दल, म्हणजे गार परतवण्याबद्दल बोलायचे तर सुधारलेल्या युरोपने काही वेगळे केले असे म्हणवत नाही. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातील विंडिश-फाइस्ट्रिट्झ या गावचा नगराध्यक्ष आणि द्राक्षबागाईतदार आल्बर्ट स्टीगर याने १८९६ साली आभाळाकडे तोंड केलेल्या नरसाळ्यासारख्या तोफा उडवून गारांचे ढग फोडण्याचा उद्योग आरंभला. पहिली काही वर्षे गार पडली नाही, तेवढ्यावर उत्तर इटलीत अशा हजारो तोफा उभ्या राहिल्या, आंतरराष्ट्रीय परिषदा भरल्या, आणि मग ऑस्ट्रिया व इटलीच्या सरकारांनी रीतसर प्रयोग करून पाहिले तेव्हा तोफा चालू असतानाच गारांनी द्राक्षे झोडपून काढली. मारुतीपुढची तलवार काय आणि ही तोफ काय, फरक दारूगोळ्याच्या खर्चाचा. तरीही हिमाचलातल्या सफरचंदांच्या बागांत अशा तोफांचे नवे अवतार अलीकडे पुन्हा बसवले गेले आहेत. बागेवर जाळी पसरणे हा साधा उपाय तिथे खराखुरा उपयोगी पडतो. पण आमच्या पाच एकरांच्या हरभऱ्यावर जाळी कोण पसरणार?

गारपगाऱ्याला जे ठाऊक असणे शक्यच नव्हते ते एवढेच, की त्याच्यावर येणारे संकट मारुतीच्या देवळामागून येत नव्हते, भूमध्य समुद्राकडून येत होते. हिवाळ्यात तिकडून इराण, अफगाणिस्तानमार्गे पूर्वेकडे सरकत येणारी कमी दाबाची जी आवर्तने असतात त्यांना वेधशाळा पश्चिमी विक्षोभ म्हणते, वर्तमानपत्रे पश्चिमी झंझावात म्हणतात. काश्मीर, हिमाचल आणि गढवाल यांना हिवाळ्याचे हिम मुख्यतः यांच्याकडूनच मिळते. एखादा विक्षोभ बळकट असला की त्याच्या वरच्या थरातील थंड हवेची पन्हळ दक्षिणेकडे लोंबत थेट आमच्या २०-२१ अंश अक्षांशापर्यंत येते, उपसागराच्या दमट वाऱ्याशी तिची गाठ मध्य भारतावर पडते, आणि मग ज्या दिवशी मनालीला बर्फ पडले म्हणून सहलीला गेलेली पुण्या-मुंबईची मंडळी छायाचित्रे धाडत असतात, त्याच्या आगेमागे आम्ही सुड्यांवर ताडपत्र्या टाकीत असतो. ही एकाच प्रवाशाची दोन मुक्कामांवरची वागणूक. २०१४ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत असे विक्षोभ एकामागून एक आले आणि महाराष्ट्रातील २८ जिल्ह्यांत गारपीट झाली; गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षे, डाळिंबे यांच्याबरोबर विदर्भातल्या संत्र्यांनाही तिने दुहेरी फटका दिला, कारण त्या दिवसांत झाडावर मृगबहाराची उतरायला आलेली फळे आणि आंबियाबहाराचा कोवळा मोहोर एकाच वेळी असतात. एका रात्रीत चालू सालही गेले आणि येते सालही.

त्या विक्षोभाचा दुसरा मुक्काम, म्हणजे डोंगर, मी प्रत्यक्ष पाहिला तो दसरा आणि दिवाळी यांच्या मधल्या दिवसांत, केदारनाथाच्या वाटेवर. भाऊबीजेला मंदिराची कवाडे मिटतात, म्हणून त्याआधी गर्दी ओसरलेल्या काळात जाण्याचा बेत आम्ही केला होता. आणि आमच्या सहलीची व्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी 'हवा छान असते' एवढ्या एका वाक्यावर आमची बोळवण केली होती. गौरीकुंडाची उंची दोन हजार मीटरला थोडी कमी, केदारनाथाची साडेतीन हजारांच्या वर. दर किलोमीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते या हिशेबाने सोळा किलोमीटरच्या त्या चढणीत माणूस दहा अंशांची थंडी पायांनी चढून जातो. सकाळी गौरीकुंडाला पाऊस होता, आपल्याकडे श्रावणात असतो तसा झिमझिम, निरुपद्रवी. भीमबलीपर्यंत तो अंगावरल्या मेणकापडावर टपटप वाजत होता. लिंचोली जवळ आली तसा त्याचा आवाज बदलला; टपटप मावळली आणि बारीक सरसर ऐकू येऊ लागली. बाहीवर पाहिले तर थेंबाच्या पोटात पांढरा कण, धड पाणी नाही, धड हिम नाही. बोटाने स्पर्श करताच नाहीसा होणारा. आणखी तासभर चढलो तेव्हा सरसरही थांबली आणि सगळीकडे एक विलक्षण निःशब्दता पसरली. हिम पडू लागले होते.

ढगातला हिमकण ज्या दोन-तीनशे मीटरांत विरतो ते आमच्या गावावर चार किलोमीटर उंच टांगलेले असतात, कुणाच्या दृष्टीस पडत नाहीत. इथे त्यांचा थर डोंगराच्या अंगावर येऊन टेकला होता आणि आम्ही त्याच्यातून, उलट दिशेने, काठी टेकीत चाललो होतो. ऋतूच्या आरंभीची डोंगरातली हवा अवघड असते ती यामुळेच. पौषात केदारखंडात शून्याची पातळी वस्त्यांच्या खाली उतरलेली असते, जे पडते ते हिमच, कोरडे, झटकून टाकता येणारे. आश्विन-कार्तिकात मात्र ही पातळी वस्त्या, पाऊलवाटा आणि खिंडी यांच्याच उंचीवर वरखाली करीत असते, आणि ती एके जागी स्थिर राहत नाही. पाऊस जोराचा झाला की वितळणाऱ्या हिमाने भोवतालच्या हवेतली उष्णता शोषून ती पातळी आणखी खाली ओढली जाते; हवा कोरडी असली तर पडत्या थेंबांचे बाष्पीभवन होऊन तोच परिणाम होतो. त्यामुळे दुपारी जिथे पाऊस होता तिथे संध्याकाळी चिखलबर्फ आणि रात्री त्यावर काचेसारखा कडक थर, एवढे सगळे एका जागी बसून पाहायला मिळते, आणि पाहणाऱ्याचे पाय मात्र जागेवर राहत नाहीत.

त्या दिवशी माझ्या अंगात सुती सदरा आणि त्यावर सुती बंडी होती. कापसाच्या मुलखातला माणूस, शेजारी पुलगावला कापडगिरणीचा एवढा इतिहास, जिल्ह्यातच सेवाग्राम. कापूस आपल्याला कधी दगा देईल असे मनातही येत नाही. परंतु भिजलेले सूत पाणी धरून ठेवते, आणि पाणी हवेपेक्षा सुमारे पंचवीसपट वेगाने अंगातली ऊब बाहेर काढते. कडाक्याच्या कोरड्या थंडीत माणूस चालत राहिला तर निभावतो. शून्याच्या जरा वरच्या तापमानात, भिजलेल्या कपड्यांनिशी आणि वाऱ्यात, तो एक-दोन तासांत कापायला लागतो, मग त्याचे कापणे थांबते, आणि कापणे थांबले की सोबत्यांनी घाबरायचे असते, कारण मग त्याला आपण बरे आहोत असे वाटू लागते. आमचा खेचरवाला पोरसवदा होता, पण शहाणा. माझ्या हाताला हात लावून पाहत तो म्हणाला, "बाबूजी, सूखी बर्फ झाड़ दो तो गिर जाती है, गीली बर्फ अंदर जाती है," आणि त्याने आपली मेंढीच्या लोकरीची, धुराचा आणि जनावराचा वास मारणारी जाड सदरी माझ्या अंगावर चढवली. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही ही गोष्ट मी त्या दिवशी शिकलो. सदरीचे पैसे त्याने घेतले नाहीत; चहा मात्र तीन पेले प्यायला.

ज्यांना अशी सदरी मिळाली नाही त्यांच्या हकिकती फार दूरच्या नाहीत. १९९६ च्या ऑगस्टमध्ये अमरनाथाची यात्रा ऐन भरात असताना, एक लाखाहून अधिक यात्रेकरू वाटेवर असताना, पाऊस आणि हिम यांचा मारा काही दिवस लागोपाठ झाला आणि सुमारे २४० माणसे थंडीने व श्रमाने गेली. महिना श्रावणाचा होता. घरून निघताना हिमाचा विचार कोण करतो? त्यानंतर नेमलेल्या नितीश सेनगुप्ता समितीने यात्रेकरूंच्या संख्येवर मर्यादा घालण्याची शिफारस केली. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये याहून विलक्षण घडले. हुडहुड नावाचे चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर आदळले, तिथून त्याचा अवशेष उत्तरेकडे सरकत दोन दिवसांत नेपाळच्या डोंगरांना जाऊन भिडला, आणि बंगालच्या उपसागराचे ते पाणी अन्नपूर्णा प्रदक्षिणेच्या वाटेवर, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीभोवती, हिम होऊन कोसळले. चाळीसहून अधिक माणसे दगावली. ऑक्टोबर हा नेपाळात चालण्यासाठी सर्वोत्तम महिना, असे प्रत्येक माहितीपुस्तिकेत छापलेले असते, आणि ते खोटेही नाही.

रूपकुंडाचे उदाहरण द्यावे की नाही याचा मी थोडा विचार केला, कारण ते फार वेळा दिले जाते आणि फार सोपे करून दिले जाते. पाच हजार मीटर उंचीवरच्या त्या लहानशा सरोवरात शेकडो माणसांच्या अस्थी आहेत. १९४२ साली एका वनाधिकाऱ्याने त्या पाहिल्या, आणि काही कवट्यांवर वरून बसलेल्या गोल आघातांच्या खुणा दिसल्यावरून चेंडूएवढ्या गारांनी यात्रेकरूंचा अख्खा तांडा मारला असे अनुमान निघाले. नंदादेवीच्या कोपाची जी लोककथा तिथे गातात तिच्याशी ते जुळतही होते. परंतु २०१९ मध्ये ३८ जणांच्या अस्थींची जनुकीय तपासणी प्रसिद्ध झाली तेव्हा कळले, की ती माणसे एका वेळी मेलेली नाहीत: काही इसवी सन ८०० च्या सुमाराची, भारतीय वंशाची, तर काही त्यानंतर हजार वर्षांनी तिथे पोहोचलेली, आणि त्यांचे मूळ भूमध्य समुद्राच्या पूर्व भागाकडचे. विक्षोभ जिथून येतात त्याच दिशेची माणसे एवढ्या उंचीवर कशाला आली होती कोण जाणे. गार माणसे मारते यासाठी मात्र रूपकुंडापर्यंत जाण्याची गरज नाही. ३० एप्रिल १८८८ रोजी मुरादाबादेत, सपाट मैदानावर, गारांनी २४६ माणसे मारली, आणि गारपिटीच्या बळींच्या नोंदीत तो आकडा जगात आजही सर्वांत वरचा आहे.

आता आमच्याकडे गारपगाऱ्याचे काम नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडे आहे. तिथला डॉप्लर रडार ढगाच्या पोटात गार आहे की पाऊस याचा अदमास घेतो. पिवळा, नारिंगी, तांबडा असे इशारे फोनवर येतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप विजेची सूचना देते. जिल्ह्यात गार पडणार एवढे दोन दिवस आधी कळते. कुणाच्या वावरात पडणार, हे पंधरावीस मिनिटे आधीही सांगवत नाही. गारेचा पट्टा कधी अर्धा किलोमीटरही रुंद नसतो, बांधाच्या अलीकडे हरभरा झोपलेला आणि पलीकडे उभा, असे दृश्य दर दोन-तीन वर्षांनी दिसते, आणि त्या बांधावरूनच पुढे पंचनाम्याचे सगळे तंटे उपजतात. पिकाचे नुकसान ३३ टक्के वा त्याहून अधिक असेल तर मदत, असा सरकारी दंडक आहे. पूर्वी तो ५० टक्के होता, २०१५ मध्ये खाली आणला. पण ३३ आणि ३० यांतला फरक वाकलेल्या ओंबीवर लिहिलेला नसतो.

मागे एकदा आमच्या शिवारात गार पडली तेव्हा एका कास्तकाराने शहाणपणा केला. पटवारी येईपर्यंत गार विरून जाते आणि मग 'गार एवढी होती' म्हणून मूठ दाखवण्याखेरीज पुरावा उरत नाही, हे अनुभवाने ठाऊक असल्यामुळे त्याने लिंबाएवढ्या आठ-दहा गारा वेचून स्टीलच्या डब्यात भरल्या आणि डबा घरच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात ठेवला. चौथ्या दिवशी पटवारी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक असे तिघे आले. वावर पाहून झाले, सह्या व्हायच्या होत्या, तेवढ्यात त्याने मोठ्या अभिमानाने घरून डबा आणवला आणि झाकण उघडले. मधल्या दिवसांत वीज दोनदा बराच वेळ गेली होती. डब्यात गारा नव्हत्या. पाणी होऊन पुन्हा गोठलेली, डब्याच्या आकाराची एक सपाट चकती होती, तिला ना गाभा, ना पापुद्रे. तिघांनीही वाकून ती पाहिली. पटवाऱ्याने हाताने डबा हलकेच बाजूला सारला, कागद मांडीवर घेतला आणि गट नंबर विचारला.